बंद नाकाची सून

माझं लग्न माझ्या बंद नाकामुळे जमलं असं मी सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटते. पण झालं ते तसंच.

मी मूळची घाटावरची. माहेरी अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. रसायनशास्त्र शिकले आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. बोईसरला दोन मुलींबरोबर भाड्याच्या खोलीत राहायचे, कंपनीच्या बसने जायचे-यायचे आणि वर्षाचे बाराही महिने शिंकायचे. सकाळी डोळे उघडले की नाकात कुणी काडी फिरवल्यासारखं व्हायचं आणि शिंकांची माळ लागायची. ती संपली की पाणी गळायचं. पाणी थांबलं की नाक बंद व्हायचं, ते दिवसभर. हे कॉलेजपासून चाललं होतं. त्यात वास कधी गेला ते मला कळलंसुद्धा नाही. दिवा विझला तर लगेच अंधार होतो. वास तसा जात नाही. एकेक करून निघून जातो आणि आपण समजतो, हल्लीच्या फुलांना पूर्वीसारखा वास राहिला नाही.

कंपनीच्या कँटीनमध्ये जेवणाच्या सुटीत बसायला जागा मिळायची मारामार. फक्त कोपऱ्यातल्या एका टेबलावर नेहमी जागा असे. तिथे मेंटेनन्समधला एक मुलगा एकटाच जेवायचा. मी आपली डबा घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसले. त्याने डब्याचं झाकण अर्धवट उघडून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला चालेल ना?"

"काय?"

"वास."

"कसला वास?"

तो नुसता हसला. डब्यात सुकटीची चटणी आणि भाजलेले सुके बोंबील होते. दोन टेबलं पलीकडची माणसं आमच्याकडे पाठ करून बसली होती. मला ते कळायला बराच काळ लागला. त्याला मात्र त्या दिवशी वाटलं, ही मुलगी मनाने फार मोठी आहे. पुढे त्याने मला तसं सांगितलं तेव्हा मी खरं काय ते सांगून टाकलं. म्हटलं, "अरे, मला वासच येत नाही." त्याला हाही माझा मोठेपणाच वाटला.

लग्न ठरल्यावर त्याच्या गावी गेले. तारापूरच्या किनाऱ्याला त्यांचं कोळीवाड्यातलं घर आहे. पुढे अंगण, अंगणात बांबूचे मांडव आणि त्यांवर ओळीने लोंबणारे बोंबील. बाहेरून आलेली माणसं तिथून जाताना पदर, रुमाल, जे हाती लागेल ते नाकाला लावतात. मी मांडवाखालून सरळ चालत आले, उभी राहून बोंबील कसे अडकवतात ते बघितलं, एकदोन प्रश्नही विचारले. सासूबाई ओटीवरून हे सगळं पाहत होत्या. त्यांनी शेजारणीला सांगितलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं, "घाटावरची पोर हाय, पन नाक नाय मुरडत."

मी त्यांनाही सांगितलं, आई, मला वास येत नाही. त्या म्हणाल्या, "असूं दे बाय, तुज्या मनात हाय ते कळलं आमाला."

तर अशी मी त्या घरात आले. मासे खायलाही शिकले. सासूबाईंच्या हातचं कालवण जिभेला तिखट, आंबट, खारट लागायचं आणि मी मनापासून म्हणायचे, छान झालंय. त्याच्या पलीकडे त्यात काही असेल याची मला कल्पनाच नव्हती.

शिंका मात्र सासरी आणखी वाढल्या. आमचं घर समुद्राला लागून, हवा सदा दमट. सकाळी गोधड्या झटकल्या की मी सुरू. सासरे तेव्हा होडीवर निघायच्या तयारीत असत. घरातून पाय बाहेर टाकताना कुणी शिंकलं तर परत येऊन बसायचं, पाणी प्यायचं, मग निघायचं, अशी त्यांची जुनी रीत. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ते बिचारे दारातून कितीदा परत आले असतील! बसायचे, पाणी प्यायचे, उठायचे, की आतून माझी शिंक. शेवटी होडीवरचे भागीदार बोलवायला घरी आले. "काका, भरती कुनासाठी थांबत नाय." तेव्हा सासऱ्यांनी अंगणात उभं राहून निकाल दिला, "शकुन मानसाच्या एका शिंकेवर असतो. हिची तर मशीनच हाय. मशीनचा शकुन धरायचा नाय." तेव्हापासून माझ्या शिंका हिशेबातून बाद झाल्या. त्यावर घरातले सगळे पोट धरून हसले होते, मीही.

कारण काय, यावर मात्र दोन घरांत वाद होता. माझी आई फोनवर म्हणायची, "ते सुक्या मासळीचं वारं आहे, दुसरं काय!" सासूबाईंना ते ऐकू जाई. त्या लांबूनच ओरडत, "सांग तुज्या आयला, मासळीनं कोन शिंकत नाय. कंपनीचा धूर हाय तो!" मग आई म्हणायची, "कंपनीत हजारो माणसं आहेत, ती शिंकतात का?" आणि सासूबाई, "आमी पिढ्यान्‌पिढ्या मासळी वाळवतो, आमी शिंकतो का?" मी मध्ये फोन धरून उभी असायचे, नाक पुसत. औषध म्हणून ओव्याची पुरचुंडी झाली, मिरीचा काढा झाला, शिंकांवरची गोळी रोजची झाली. दुकानातून आणलेले नाक मोकळं करणारे थेंब तर माझ्या पर्सचा भागच झाले होते. घातले की जरा वेळ श्वास मोकळा, मग पहिल्यापेक्षा घट्ट बंद.

हे असंच चालत राहिलं असतं. मुलगी झाली, ती चालू लागली, बोलू लागली. एका रविवारी दुपारी मी शेगडीशेजारी पाटावर बसून तिच्या फ्रॉकचं बटण लावत होते. गॅसवर कालवण ठेवलेलं. सासूबाई अंगणात. लेक खेळता खेळता थांबली आणि म्हणाली, "आई, जळतंय."

"काय जळतंय?"

"ते बघ ना!"

पातेलं तळापर्यंत कोळसा झालं होतं, घरात धूर भरला होता, आणि मी त्याच्यापासून हातभर अंतरावर मान खाली घालून बटण लावत होते. सासूबाई धावत आल्या. गॅस बंद केला, पातेलं बाहेर नेऊन ठेवलं. मग माझ्यासमोर येऊन बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"मंजे तुला खरंच वास येत नाय?"

"मी लग्नाच्या आधीपासून सांगतेय, आई."

"काईच नाय? मासळीचा पन?"

"कशाचाच नाही."

मग त्यांनी पदराने लेकीचं तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाल्या, "उद्या पालघरला जाऊ. मी येते संगती."

पालघरच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टर तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. बारीक नळीची दुर्बीण घालून त्यांनी माझं नाक आतून पाहिलं. पडद्यावर ते सासूबाईंनाही दिसत होतं. फिकट, सुजलेलं, ओलसर अस्तर. डॉक्टर म्हणाल्या, गाठी नाहीत, ही सूज आहे, अ‍ॅलर्जीची दिसते. कशाची ते बघायला हातावर चाचणी करू. त्याआधी थोडे दिवस अ‍ॅलर्जीची गोळी बंद ठेवा, नाहीतर खरं उत्तर मिळणार नाही. आणि ते थेंब कायमचे बंद करा, रोज घालून घालून तेच आता नाक बंद करताहेत.

पुढच्या खेपेला त्यांनी माझ्या हातावर पेनाने खुणा केल्या, प्रत्येक खुणेपाशी एकेका गोष्टीचा थेंब टाकला आणि त्यातून सुईने अगदी हलकं टोचलं. सासूबाई अट घालूनच आल्या होत्या.

"डाक्तरीनबाय, मासळीचा थेंब हाय ना त्यात?"

"त्यांना मासे खाऊन काही त्रास होतो का, मावशी?"

"तिला नाय होत. तिच्या आयला होतो."

मी सगळं उलगडून सांगितलं. डॉक्टर खूप हसल्या. मासे आणि कोळंबी, दोन्हींचे थेंब त्यांनी टाकले. आम्ही हाताकडे बघत बसलो. पहिल्यांदा नुसती खाज. मग एका खुणेपाशी गांधी उठली, वाढत वाढत चवळीच्या दाण्याहून मोठी झाली, भोवती लाल कडं. बाकीच्या खुणा जवळजवळ सपाट. माशांची खूण तर कोरी.

"ही कुठची?" सासूबाईंनी फुगलेल्या खुणेवर बोट नेलं.

"धुळीतल्या किड्यांची. गादीत, उशीत, गोधडीत राहतात. डोळ्यांना दिसत नाहीत."

"आनि मासळी?"

"मासळी निर्दोष."

सासूबाई खुर्चीत सरळ झाल्या. "लाव फोन तुज्या आयला," मला म्हणाल्या. मी त्यांना कसंबसं थांबवलं. डॉक्टर म्हणाल्या, कंपनीच्या धुराने नाक चुरचुरेल, आधीच सुजलेल्या नाकाला तो जास्त झोंबेल, पण मूळ कारण तो नव्हे. म्हणजे दोन्ही घरं चुकली होती. सासूबाईंनी मात्र त्यातला अर्धाच भाग ऐकला.

मग मी विचारलं, एवढ्याशा किड्यामुळे एवढं कसं होतं? डॉक्टरांनी कागद ओढला आणि नाकाचं चित्र काढायला घेतलं.

"किडे चावत नाहीत. त्यांची विष्ठा, अंगाचे कण हवेत उडतात आणि नाकात जातात. सगळ्यांच्याच जातात. तुमच्या शरीराने मात्र कधीतरी पूर्वी ठरवलं, की हा शत्रू. नाकात पहारा देणाऱ्या पेशींनी तो कण उचलून टी पेशींना दाखवला, टी पेशींनी बी पेशींना निरोप दिला आणि त्यांनी त्या कणासाठी खास एक प्रतिपिंड बनवलं. आयजीई म्हणतात त्याला. हे आयजीई नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसलं. मास्ट पेशीच्या पोटात बारीक बारीक पुड्या भरलेल्या असतात, त्यात हिस्टामिन असतं. पुन्हा तोच कण आला, आयजीईला अडकला, की पुड्या फुटतात."

"मग?" हा प्रश्न सासूबाईंचा.

"हिस्टामिन नसेला डिवचतं, म्हणून खाज आणि शिंका. ग्रंथींमधून पाणी सुटतं. रक्तवाहिन्या फुगतात, नाक चोंदतं. सगळं काही मिनिटांत. ही झाली फर्स्ट शिफ्ट."

पालघर-बोईसरच्या डॉक्टरांना पेशंटशी याच भाषेत बोलावं लागत असणार. मला एकदम बरं वाटलं.

"आणि वास?" मी विचारलं.

"ती सेकंड शिफ्ट. मास्ट पेशी आणि टी पेशी नुसत्या पुड्या फोडून थांबत नाहीत, त्या रासायनिक निरोप धाडतात. त्या निरोपांवर काही तासांनी रक्तातून दुसऱ्या पेशी येतात, इओसिनोफिल नावाच्या. त्या आल्या की सूज मुक्कामच ठोकते. तुमचं हे रोजचं, त्यामुळे एक शिफ्ट सुटायच्या आत दुसरी हजर. नाक कधी रिकामं होतच नाही. वास घेणाऱ्या नसा नाकाच्या अगदी वर, छपरापाशी असतात. सूज तिथवर चढली, की वास तिथे पोचणार कसा?"

"नसा गेल्यात का माझ्या?"

"मला तसं वाटत नाही. जायची वाट बंद आहे, एवढंच. तुम्ही गोळी घेता ती हिस्टामिनला अडवते, म्हणून शिंका थोड्या कमी होतात. सेकंड शिफ्टपुढे तिचं फारसं चालत नाही. त्यासाठी हा फवारा. हा ते निरोपच दाबतो. पण पहिल्या दिवशी काही होणार नाही. दुसऱ्याही नाही. रोज घ्यायचा, कंटाळायचं नाही."

ती गोळी मी चांगलीच ओळखत होते. आमच्या प्रयोगशाळेत तीच तपासायला यायची. किती शुद्ध आहे, पाण्यात किती वेळात विरघळते, सगळं मला पाठ होतं. ती माझ्या नाकात जाऊन नेमकी कुणाशी भांडते हे मात्र मला त्या दिवशी पालघरला कळलं, आणि सासूबाईंच्या शेजारी बसून कळलं, याची गंमत वाटली.

सासूबाईंचा एक प्रश्न उरला होता. "आमी पन त्याच गाद्यांवर झोपतो. आमाला का नाय होत?"

"बऱ्याचदा घराण्यातून येतं, मावशी. ह्यांच्या माहेरी कुणाला शिंका, दमा, अंगाला खाज?"

"माझ्या वडिलांना जन्मभर शिंका होत्या," मी म्हटलं.

"मंजे माहेरून आनलेलं हाय हे!" सासूबाई म्हणाल्या, आणि तिथून घरी येईपर्यंत त्यांचा आनंद बसमध्ये मावत नव्हता.

दुसऱ्या दिवशी घरातल्या गाद्या, उशा, गोधड्या अंगणात आल्या. चादरी-अभ्रे कढत पाण्यात. गादीला आणि उशांना घट्ट विणीच्या, चेन लावायच्या खोळी शिवून घेतल्या. बोंबलांच्या मांडवाच्या एका टोकाला आमच्या गोधड्या वाळत पडलेल्या बघून आळीतल्या बाया विचारायला आल्या. सासूबाई वाटच बघत होत्या.

"ऐका! हिच्या नाकात बाया बसल्यात, ओटीत मिरचीपूड बांधून. धुळीचा कन आत आला रे आला, की मारली मूठ! मंग शिंका. आनि त्या बाया गप नाय बसत, आरडाओरडा करून सगळ्या गावाला बोलावतात. मंग संध्याकाळी जी गर्दी येते ती नुसती दाटी करून बसते. हटत नाय. म्हनून हिचं नाक बंद."

"आनि औषध काय?"

"फवारा. तो बायांना सांगतो, गप र्‍हा, कोन चोर नाय आला."

मी प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढली, पण मास्ट पेशीचं याहून बरं वर्णन मला आजही करता येणार नाही. आळीतल्या पोरींनी पुढे कितीतरी दिवस मला हाक मारून विचारलं, "वहिनी, बाया गप हायत का?"

फवारा कसा घ्यायचा ते डॉक्टरांनी दाखवलं होतं. मान जराशी खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, टोक मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेरच्या बाजूला, आणि जोरात ओढायचं नाही. रोज सकाळी मी तो घेताना सासूबाई समोर उभ्या राहायच्या. "मान खाली. आनखी. हां." एवढी शिस्त माझ्या मुख्याध्यापकांनीही लावली नव्हती.

काही दिवसांनी शिंका विरळ झाल्या. सासऱ्यांना चुकल्याचुकल्यासारखं होऊ लागलं. वासाचा मात्र पत्ता नव्हता.

अशाच एका दुपारी मी आणि सासूबाई मांडवावरचे बोंबील उलटे करत होतो. त्यांचे हात चालू होते, तोंड गप्प होतं, आणि हे त्यांच्या स्वभावात नाही. मी विचारलं, "काय झालं, आई?"

"काय नाय." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "नाक उघडलं तर र्‍हाशील ना इथं?"

मला आधी अर्थच लागला नाही. "म्हणजे?"

"लोक आमच्या आळीतून जाताना नाक धरतात, माज्या डोळ्यानं बघते मी. माज्या चुलतभावाची सून आली वरच्या गावाकडून, ती महिनाभर जेवली नाय. नवऱ्याला घेऊन बोईसरला खोलीत र्‍हायला गेली. तू नाक मुरडलं नाय म्हनून मी गावभर सांगत हिंडले. आता कळतंय, तुला येतच नव्हता वास." त्यांनी एक बोंबील उगाच दोनदा उलटा केला. "आनि आता मीच तुला डाक्तरकडं घेऊन गेले."

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "आई, मी तुमच्याकडे नाकाने आले नव्हते." त्या हसल्या, पण पुरत्या हसल्या नाहीत.

वास आला तो कंपनीत. हात धुताना. वॉशबेसिनवरच्या द्रवसाबणाचा लिंबासारखा वास, अगदी पातळ, कुणी लांबून हाक मारावी तसा. मी साबण पुन्हा घेतला, पुन्हा हात धुतले. पुन्हा वास. आणखी एकदा. शेजारच्या विभागातली मैत्रीण माझ्याकडे बघत होती. "काय लागलंय हाताला एवढं?" मी ओला हात तिच्या नाकासमोर धरला. "लिंबू आहे ना? सांग, लिंबूच आहे ना?" ती म्हणाली, "हो गं, लिंबूच, पण तू रडतेस का?"

त्या संध्याकाळी मी शेअर रिक्षेतून घरी निघाले. तो प्रवास मी विसरणं शक्य नाही. नाक्यावर वडे तळत होते, तिथे तेलाचा आणि लसणाचा. शेजारच्या माणसाच्या कपड्यांना ऑइलचा. पुढे नाल्यावरून गेलो तेव्हा असा उग्र, आंबूस वास आला की सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. मी मात्र खुळ्यासारखी हसत होते. "क्या हुआ मॅडम?" रिक्षावाल्याने आरशातून विचारलं. मी म्हटलं, "कुछ नहीं भैया, बदबू आ रही है." त्याने रिक्षा थोडी जोरात घेतली. मिठागरांपाशी चिखलाचा, ओल्या मिठाचा वास. मग सुरूची झाडं. मग आमची आळी.

आळीत पाऊल टाकलं आणि तो वास अंगावर आला. तयारी करूनही उपयोग नव्हता. डोळ्यांना पाणी आलं आणि माझा हात आपोआप ओढणीकडे गेला. ओढणी नाकाला लागली तशी मी वर पाहिलं. सासूबाई मांडवापाशी उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं होतं. हातातली टोपली त्यांनी हळूच खाली ठेवली.

मी ओढणी काढली आणि धावत त्यांच्याकडे गेले. "आई! आई, वास येतोय!"

"घान येते ना?" त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"हो!"

"लय?"

"खूप, आई! भयंकर येतोय!" असं म्हणून मी त्यांच्या गळ्यात पडले आणि हसायला लागले. हसू थांबेना. त्या क्षणभर ताठ उभ्या होत्या. मग त्यांच्या पोटातून हसू आल्याचं मला माझ्या अंगाला कळलं. पुढच्या घडीला त्या आळीकडे तोंड करून ओरडत होत्या, "आगो या गो! हिला वास आला! घान येते म्हनते, लय घान येते!"

सगळी आळी जमली. कुणी कसलं वाईट वाटून घेतलं नाही. उलट जो तो घरात जाऊन काहीतरी घेऊन आला. एकीने पिकलेला चिकू माझ्या नाकाशी धरला, दुसरीने कुटलेल्या मसाल्याची बरणी उघडली. एका आजीने तंबाखूची डबी पुढे केली, "ह्याचा सांग!" शेजारच्या काकांनी ताडीचा तांब्या आणला तेव्हा सासूबाईंनी त्यांना हटकलं, तरी मी वास घेतलाच. लेक मध्येच घुसून म्हणाली, "माझा घे." मी तिचं डोकं छातीशी धरलं. खोबरेल तेल, ऊन, थोडा घाम. तिच्या जन्मापासून मी ते डोकं रोज हुंगत होते आणि मला काही म्हणजे काही मिळालं नव्हतं. मी तिला सोडेचना. ती चुळबुळायला लागली, "आई, पुरे."

नवरा कामावरून आला तेव्हा अंगणात ही जत्रा. त्याला कळेना कुणाला काय झालं. सासूबाई म्हणाल्या, "बायकोचं नाक उघडलं. आंघोळ करून ये आधी."

त्या रात्रीचं जेवण म्हणजे माझं त्या घरातलं पहिलं जेवण म्हणायला हवं. बोंबलाचं कालवण. पहिल्या घासाला मी थांबले. आमसूल, ठेचलेला लसूण, कोथिंबीर, आणि या सगळ्याखाली मऊ, गोडसर असं काहीतरी, ज्याला माझ्याकडे शब्द नव्हता.

"आई, तुम्ही एवढी वर्षं हे असं रांधत होतात?"

"मंग?"

"मला वाटलं, नुसतं तिखट-मीठ."

"आनि रोज म्हनायचीस, छान झालंय!"

सासरे घास हातात धरून हसत होते. ताटात काय पडलं याच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

सुक्या मासळीच्या वासाची सवय लागायला मात्र वेळ लागला. खोटं कशाला सांगू, पहिले दिवस मी अंगण ओलांडताना श्वास रोखायचे. सासूबाईंनी एकदाही बोल लावला नाही. त्यांनी मला हळूहळू शिकवलं. ताजी मासळी नाकाशी धरून म्हणायच्या, "बघ, हिला वास असतो का? समुद्राचा असतो, तेवढाच." मग कडक उन्हात वाळलेली, मग ढगाळ हवेत वाळलेली, मग ओल धरलेली. आधी मला सगळा एकच गोंगाट वाटायचा. मग त्यातले आवाज वेगळे ऐकू यायला लागले. आता मांडवाखालून जाताना मी श्वास रोखत नाही. कधी रोखायची थांबले ते आठवत नाही.

अ‍ॅलर्जी गेली असं नाही. डॉक्टर म्हणतात, स्वभाव आहे तो शरीराचा, जुळवून घ्यायचं. फवारा चालू आहे. हवं तर किड्यांच्याच अर्काचे थेंब जिभेखाली घेऊन शरीराची समजूत घालता येते, त्याला दोनतीन वर्षं लागतात. तो विचार चाललाय. गुलाबाचा वास मला अजून नीटसा लागत नाही. गोधड्या काढायला गेले की नाक अजून चुरचुरतं, म्हणून ते काम आता नवऱ्याकडे आहे.

मध्यंतरी माकुणसारला नवऱ्याच्या मामेबहिणीची हळद होती. आम्ही पोचलो तेव्हा मांडव भरला होता. बाया गाणी म्हणत होत्या, आत वडे तळत होते, दारातल्या पाटीत अबोली आणि मोगरा. मी मांडवाच्या तोंडाशीच उभी राहिले. नवरा म्हणाला, "चल ना, थांबलीस का?" मी म्हटलं, "जा तू पुढे. मी येते."

परातीत ओली हळद कालवलेली होती. मी वाकून तिचा वास घेतला. मातीसारखा, जरासा कडवट, गरम. त्याच्या मामीने विचारलं, "काय गो, हळद कधी बघितली नाय?"

"बघितली," मी म्हटलं. "माझ्या हळदीच्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी मला न्हाऊ घातलंत हळदीने. पण मला तिचा वास आला नव्हता."

मामी माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी नवरीला सांगितलं, "तू थांब जरा," आणि दोन्ही मुठी परातीत घालून माझ्याकडे वळल्या. मागून सासूबाईंनी माझे खांदे धरले होते, पळायला वाव नव्हता. गाल, कपाळ, मान, दंड, सगळ्या जणींनी मिळून मला पिवळी करून टाकलं. नवी साडी गेली. मी डोळे मिटून उभी होते आणि श्वास घेत होते.